माझ्या पाठीमागचं वल्हं

"मला काय कळंना झालंय गड्या," असं म्हणून तो डोकं खाजवायचा आणि मग सांगितलेलं काम निमूट करायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्हाला तो शेवटपर्यंत कळला नाही.

सांगलीत आमच्या कॉलेजची शर्यतीची चार वल्ह्यांची होडी होती. मी कुंडलचा, उसाच्या पट्ट्यातला. तो पूर्वेच्या दुष्काळी भागातला, मेंढरं राखणाऱ्या घरचा. होडीसाठी नाव का दिलंस, असं विचारलं तर म्हणाला, "रांग दिसली, हुबा ऱ्हायलो."

वल्हवताना जायचं तिकडे पाठ असते, हे त्याला पटेना. "मग पोचलो कसं कळायचं?"

होडी शिकवणारे सर म्हणाले, "तू फक्त पुढच्याची पाठ बघ."

ती पाठ माझी होती.

सराव संपला की आम्ही घाटावरून नदीत उड्या मारायचो. तो होडी पुसत बसायचा. मला वाटायचं, सरांच्या नजरेत भरायचं चाललंय. एका सकाळी मी त्याला गंमत म्हणून मागून ढकललं. तो खाली गेला आणि वर आलाच नाही. आम्ही तिघांनी उड्या टाकून त्याला बाहेर ओढलं.

बऱ्याच वेळाने खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं तुमास्नी ठावं हाय, मला पवाया येत न्हाई म्हून."

"मग दोन महिने होडीत कसा बसलास?"

"तुमी हुता की."

अर्जावर 'पोहता येते' पुढे त्याने बरोबरची खूण केली होती. का, तर समद्यांनी केली होती. सर आम्हा सगळ्यांवर भडकले. पोहता आल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी त्याला बजावलं. शर्यत तीन आठवड्यांवर होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या कमरेला रिकामे डबे बांधून आम्ही त्याला पाण्यात उतरवलं. रोज सहाला मी सगळ्यांच्या आधी घाटावर असायचो. तो पाणी प्यायचा, बाहेर यायचा, "कळंना" म्हणायचा आणि पुन्हा उतरायचा. ढकलल्याबद्दल मला एकदाही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. शर्यतीच्या चार दिवस आधी सरांनी डबे सोडायला लावले. तो काठाकाठाने पोहत गेला, परत आला आणि होडीत आपल्या जागेवर जाऊन बसला.

शर्यतीत अर्ध्यावर माझ्या तळहाताचे फोड फुटले. ठेका चुकला. दोन होड्या पुढे गेल्या. "सोडतो मी आता," मी म्हणालो.

मागून तो धापा टाकत म्हणाला, "तुज्या पाठीकडं बगून चाललोय रं मी. तू थांबल्यावर मला काय कळायचं?"

मी ओढत राहिलो. आम्ही तिसरे आलो. काठावर दुसऱ्या नंबरावर आलेले रडत होते. ते का रडतात, हेही त्याला कळलं नाही.

परीक्षा संपल्यावर त्याला गाडीत बसवायला आम्ही सांगलीच्या स्टँडवर गेलो. तो सातारच्या एसटीत चढला. चुकीची गाडी आहे, असं आम्ही खालून सांगत होतो. तो खिडकीतून हात हलवत राहिला.

दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. "बाळा, पोरगं अजून तिकडंच हाय काय?" पुढे उलगडा झाला. सातारला सैन्याची भरती होती. तो तिथे गेला आणि निवडलाही गेला. मी चिडून त्याला फोनवर विचारलं, सांगितलं का नाहीस?

"नापास झालो असतो तर तुमास्नी वाईट वाटलं असतं."

त्याचे कागद न्यायला वडील कॉलेजात आले. खांद्यावर घोंगडं, पायांवर धूळ. म्हणाले, "त्येची होडी दाव."

मी घाटावर घेऊन गेलो. मेंढीची पाठ चाचपावी तसा त्यांनी होडीवरून हात फिरवला.

"एवढी माणसं बसत्यात. मग बुडत कशी न्हाई रं ही?"

मी सांगायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं, मलाही ते नीट सांगता येत नाही. मी डोकं खाजवलं.