छतावरची झडप

अरुणाचलातल्या एका उंच चौकीवर मी सिग्नलचा हवालदार होतो. आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे एक वन-टन गाडी. तिच्या पत्र्याला आतून फोम लावून आम्ही तिच्यातच राहायचो, झोपायचो आणि सेट चालवायचो.

आता वणीत मी लोकांना फिरायच्या व्हॅन बांधून देतो. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "भाऊ, चारी बाजूनं पॅक करून टाका. हवा कायले पाह्यजे?" मी सांगतो, झोपलेला माणूस श्वासातून पाणी सोडतो. ते थंड पत्र्यावर जमतं, फोममागे मुरतं आणि बुरशी धरते. फोम पत्र्याला घट्ट चिकटवा, मधे पोकळी नको, आणि छतावरची झडप उघडी ठेवा. ज्याला पटत नाही त्यानं दुसरा मिस्त्री पाहावा.

चौकीवर नवे कॅप्टनसाहेब आले. त्यांना थंडी सोसेना.

"हवालदार, झडप बंद करो."

"सर, पानी टपकेगा. सेट नीचे है."

"बहस मत करो."

हुकूम म्हणजे हुकूम. मी झडपेत ब्लँकेट कोंबलं. काही दिवसांतच गाडीला आतून घाम सुटला, फोम काळा पडला. साहेब मात्र खूश होते.

एका सकाळी नायक राठोड दोन जवान घेऊन पेट्रोलला, म्हणजे गस्तीला निघाला. फुलसावंगीचा पोरगा, मला दादा म्हणायचा. नाल्याच्या तोंडाशी थांबायचं आणि रेडिओवर परवानगी मिळाल्याशिवाय हलायचं नाही, असा त्याला हुकूम होता. दुपारी वरच्या चौकीचा फोन आला. नाल्यावरच्या उताराचा बर्फ सुटतोय, पेट्रोल ताबडतोब मागे घ्या.

मी माइक दाबला. पाणी ठिबकून सेटमध्ये शिरलं होतं. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, माझं जात नव्हतं.

"टायगर, हम रुके हैं. हुक्म दो. ओव्हर." टायगर म्हणजे रेडिओवरचं आमच्या चौकीचं नाव.

मी माइक बदलला, सेट उघडून पुसला. साहेब मागून ओरडत होते, "बोलो उसको, वापस आए!" मी बोलतच होतो.

"टायगर, हुक्म दो. ओव्हर."

मग राठोडनं रेडिओवर बोलायचा कायदा सोडला. "दादा, आयकून राह्यला न? काहून बोलून नाही राह्यला? आमी इथंच उभे आहो."

त्यानंतर नुसती खरखर. हुकूम मोडून तो माघारी फिरला असता तर वाचला असता. पण राठोड हुकूम मोडणाऱ्यांतला नव्हता.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, सेट जुना होता. त्या माणसाची मला आजही चीड येते.

राठोड, जाधव आणि पवार. तिघंही नाल्याच्या तोंडाशीच सापडले.

सुट्टीत मी फुलसावंगीला गेलो. राठोडच्या आईला तांड्यावर सगळे याडी, म्हणजे आई म्हणतात, मीही तेच म्हणतो. तिनं विचारलं, "शेवटी काही बोलला काय माहा पोरगा?"

"मले हाक मारली, याडी. दादा म्हणून."

याडीनं लगेच विचारलं,

"मंग तू काय म्हनलं त्याले?"