सुमनमावशींच्या टिप्स आणि मुग्धाची फेरी

सुमनमावशींनी मला कोलकात्यातल्या पहिल्याच रविवारी चक्क माफी मागायला लावली होती.

गुन्हा माझा नव्हता. फार पूर्वी आपले मराठे घोडेस्वार बंगाल लुटायला आले होते. त्यांच्या धास्तीनं इथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो बागबाजारपासून. आता खंदकाचा मागमूस नाही, नुसता रस्ता आहे.

मावशी प्रत्येक मराठी पाहुण्याला आधी तिथे उभं करायच्या.

"जोडा हात. म्हणा, चुकलं. झालं? चला आता, रसगुल्ला खाऊ."

बँकेची बदली होऊन मी रडत रडत इथे आले होते. त्या दिवशी हसायला लागले.

मावशी जाऊन आज वर्ष झालं.

त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. जन्म इथलाच. वडील खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला आले आणि कोलकात्याचेच झाले. मावशी शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाल्या. पुण्या-मुंबईहून कोणी निघालं, की कुणीतरी त्यांचा नंबर द्यायचंच.

आणि मग टिप्स सुरू.

"थंडीत या. नव्या गुळाचा संदेश तेव्हाच मिळतो."

"हावड्याचा पूल गाडीतून बघू नका, चालत जा. पण मध्येच फोटोला थांबू नका, ओझीवाले शिव्या घालतात. बंगालीत घालतात, पण कळतात."

"चिनी नाश्ता हवाय? मग उजाडताच टिरेटी बाजार गाठा. उशिरा उठणाऱ्यांनी हॉटेलातला ब्रेड खावा."

"ट्राम थोडीच उरलीय. घाई असेल तर बसू नका."

मलाही त्यांनी फिरवलं. एकाच सकाळी चिनी बाईच्या हातचं सूप, आर्मेनियन लोकांचं चर्च, ज्यूंचं सिनेगॉग, आणि वाटेत प्रत्येकाशी बंगालीत वाद घालणाऱ्या मावशी. धुकं इतकं होतं, की ते सगळं मी झोपेतच पाहिलं असं मला अजून वाटतं.

मावशी गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मुग्धा पुण्याहून आली. सगळं नीट केलं तिनं. मग म्हणाली, "अस्थी नाशिकला नेतेय. उद्या दुपारची फ्लाइट आहे."

मला राहवलं नाही. "अगं, पण त्यांचं सगळं आयुष्य इथे गेलं."

"हो ना. माझी खाटसुद्धा इथल्या पाहुण्यांकडे गेली. परीक्षा असो, ताप असो, मी आपली खाली सतरंजीवर. आई सगळ्यांची होती. आता एकदा तरी फक्त माझी असू दे."

खरंच होतं तिचं.

एवढंच म्हटलं, "सकाळी माझ्याबरोबर चल. आईच्या पाहुण्यांसारखं एकदा शहर बघ. मग जा."

ती आली. कलश खांद्यावरच्या पिशवीत. रिकाम्या घरात ठेववेना म्हणाली.

टिरेटी बाजारात सूपवाल्या बाईंनी विचारलं, "दिदी कोथाय?" मावशी गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी मुग्धाच्या हातात वाटी दिली आणि ती संपेपर्यंत तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

फुलबाजारातून पूल चालत पार केला. पलीकडून बागबाजारची फेरीबोट घेतली.

नदीवर धुकं होतं. पूल आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा त्याचं टोक कुठे संपतंय ते दिसेना. इंजिनाची घरघर आणि पाण्याचा वास. काठावरचे घाट एकेक करून उमटत होते आणि पुसले जात होते.

मुग्धानं पिशवी मांडीवर घेतली होती. मला वाटलं, तिला डुलकी लागली.

"मी लहान असताना ह्याच फेरीत आईच्या मांडीवर झोपायचे," ती डोळे न उघडताच म्हणाली. "पाहुणे उठून पूल बघायला जायचे. आई नाही जायची."

"मग काय करायच्या?"

"माझ्याकडे बघत बसायची. मी झोपेचं सोंग करायचे. तेवढाच वेळ मिळायचा मला."

मग ती रडली. आल्यापासून पहिल्यांदा.

बागबाजारचा घाट आला. लोक उतरले. ती बसूनच होती. मी म्हटलं, "परतीच्या फेरीनं जाऊया का? फ्लाइट आहे."

"नको," ती म्हणाली. "तिला इथेच राहू दे. मला ती इथेच मिळाली होती."

घाटावरच्या भटजींनी मंत्र म्हटले. मुग्धा गुडघाभर पाण्यात उतरली आणि कलश हळूच सोडला. पाणी गढूळ, थंडगार. फुलं थोडा वेळ तिच्या पायांपाशीच घुटमळली.

आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो तेवढ्यात तिच्या पर्समधला मावशींचा फोन वाजला. साताऱ्याचं कुठलं तरी कुटुंब. हावडा स्टेशनवर उतरलेलं, गोंधळलेलं.

मी हात पुढे केला. वाटलं, सांगून टाकावं की मावशी आता नाहीत.

मुग्धानं मला थांबवलं. घसा साफ केला.

"मी त्यांची मुलगी बोलतेय. ऐका, टॅक्सीवाल्यांकडे बघूही नका. सरळ नदीकडे या आणि बागबाजारची फेरी पकडा. बरोबर लहान मुलं आहेत का? मग त्यांना मांडीवर घेऊन बसा. मी घाटावर उभी आहे."

तिची फ्लाइट चुकली.

मावशी, नमस्कार. निवांत असा. पाहुणे सुखरूप पोचले.