खाकी शर्टातल्या रॅकेटी

बॅग उघडली तवा घरात कोण कोण होतं, ते मी आधी सांगते. माहा पोरगा प्रमोद होता, भिंतीले टेकून बसलेला. माही पोरगी मंगला होती. तिचा नवरा, आमचे जावईबापू, खुर्चीवर होते. शेजारच्या बोरकरबाई चहाचं पातेलं, आम्ही गंज म्हणतो, घेऊन आल्या होत्या, त्या थांबल्या. माह्या सुनेचा भाऊ दिलीप रामटेकवरून आला होता, तो दारात उभा होता. अन् मी. सगळ्याईचं नाव घेतलं, कारण आता ज्याले विचारावं तो म्हणते, मी आतमध्ये होतो, मी फोनवर होतो. कोणी आतमध्ये नव्हतं. सगळे तिथंच होते.

बॅग माह्या सुनेची, अर्चनाची. विम्याच्या ऑफिसात होती ती. गावोगावच्या ऑफिसांत जाऊन काम तपासायची. कधी चंद्रपूर, कधी गोंदिया, कधी नांदेड. अन् जिथं जाईन तिथं संध्याकाळी नाहीतर सकाळी बॅडमिंटन खेळायची. ऑफिसच्या टीममध्येही होती. ह्या खेपेस अकोल्याले गेली. सकाळी खेळून आली, गेस्ट हाऊसवर चहा मागवला, अन् चहा येतपर्यंत गेली. डोक्यातली नस फुटली म्हणे. तिले ऑफिसवाल्याईनं गाडी करून आणलं. आम्ही तिचं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी मागून तिची बॅग आली... ह्या गोष्टीले आता काही आठवडे झाले. माहा राग काही उतरला नाही, म्हणून लिहून राहिली. मी चौथी शिकलेली, जसं बोलते तसंच लिहिते.

अर्चना लग्न होऊन आली तवा आम्ही कोराडीले राहत होतो. प्रमोदचे बाबा तिथं विजेच्या कारखान्यात कोळशावर ठेकेदाराकडं कामाले होते. नवी सून आली अन् तिच्या सामानात दोन रॅकेटी निघाल्या. मोहल्ल्यातल्या बाया तोंडाले पदर लावून हसल्या. प्रमोदच्या बाबानं एक रॅकेट हातात घेतली, तोलून पाहिली, म्हणे, "हलकी हाय बाप्पा. माह्या फावड्यापेक्षा बरी." बस, एवढंच. त्याईच्याकडून तिले परवानगी भेटली. पुढं खोकल्यानं ते गेले, प्रमोदनं प्रताप नगरात घर घेतलं, मी त्यांच्यासंगं आली.

बॅग भरायची तवा मी तिच्याजवळ दिवाणावर बसायची. मलेही सामान बांधायची सवय होती. जवान होती तवा रामटेककडं धानाच्या रोवणीले जायची, पंधरा-पंधरा दिवस दुसऱ्याच्या गोठ्यात राहायचं, सगळा संसार एका बोचक्यात. पोराले कडेवर घ्यायची अन् बोचकं डोक्यावर. ओलं लुगडं वेगळं, भाकर वेगळी, अन् जे आधी लागते ते वर. ते मी अर्चनाले सांगायची, अन् ती माहं ऐकायची नाही.

"आई, वजनदार ते चाकाकडं. बूट खाली."

"अवं, पण उतरल्या उतरल्या काय लागन तुले?"

"रॅकेट."

"अन् साडी?"

"साडी दुसऱ्या दिवशी मीटिंगले."

"तुले ऑफिस पाठवते का खेळाचा मास्तर?"

"ऑफिस पगार देते आई. झोप खेळल्यावरच येते."

बूट खाली, तळवे बाहेरच्या बाजूनं. बुटात मोजे, मोज्यात तेलाची लहान शिशी, गुडघ्याचा पट्टा त्याच्यावर. साड्या घडी करून नाही, गुंडाळून. शटल ज्या लंब्या डब्यात येते, तो रिकामा झाला का त्यात मी चिवडा भरून द्यायची. एकदा रेल्वेत समोरच्या माणसानं विचारलं, "मॅडम, शटल कोणते वापरता, दाखवा ना." तिनं झाकण काढून चिवडा पुढं केला. घरी येऊन सांगता सांगता हसून हसून तिच्या डोळ्यातून पाणी आलं.

ती निघाली का मी घर झाडायची नाही. माणूस गावाले निघालं तर ते पोचेपर्यंत मागं झाडू मारत नाही, आमच्यात असंच हाय. ती पोचली का फोन करायची. बाकी काही नाही, फक्त, "आई, पोचली. झाडा आता." कधी गाडी लेट झाली तर घर तसंच कचऱ्यात राहायचं अन् प्रमोद चिडायचा. तो बाकी कशातच नव्हता. टीव्हीसमोरून मान वळवून विचारायचा, "पुन्हा?" एवढंच. त्यानं त्या बॅगेची चेन कधी लावली नाही का उघडली नाही.

बाकीच्याईले मात्र ती बॅग आपल्या बापाची वाटायची. आमच्याकडं कोणी गावाले निघालं का नातेवाइकाईले आनंद होते. "जाऊनच राहिली तर माह्या मामेभावाले एवढं देजो." संत्रे, वड्या, पापड, कोणाच्या पोराचं स्वेटर. अन् जागा कशी करायची? रॅकेट काढा. "खांद्याले अडकव ना वहिनी, हलकीच तर हाय." हे म्हणणारी माही मंगला. तिची नणंद अकोल्याले राहते. दोन वर्षांमागं तिनं नणंदेसाठी आंब्याच्या लोणच्याची बरणी आणली अन् मी नाही नाही म्हणत असताना स्वतःच्या हातानं रॅकेटीच्या कव्हरात उभी खोसली. म्हणे, तिथं पडणार नाही. अकोला येतपर्यंत सगळं तेल कव्हरात. कव्हर फेकावं लागलं. रॅकेटी अर्चनानं गेस्ट हाऊसवर साबणानं धुतल्या, तरी वास जाईना. परत येऊन मले म्हणे, "आई, समोरचे पोट्टे म्हणत होते, मॅडम, आज मेथीचा वास येऊन राहिला."

मी मंगलाले फोन केला. ती काय म्हणाली? "खेळ तर हाय माय. तिथं माह्या नणंदेले लोणचं अर्धंच भेटलं, त्याचं काय?"

नवीन कव्हर घेते घेते म्हणत अर्चनाचं राहून गेलं. मंग मी पेटी उघडली. प्रमोदच्या बाबाचा खाकी शर्ट होता त्यात, कामावरचा. कितीही धुतला तरी राखेचा रंग त्याच्यातून निघाला नाही. वरून दुसरं बटन पांढरं, कारण खाकी भेटलं नव्हतं तवा मी पांढरं लावलं होतं. कापड जाड. दोन रॅकेटी आत ठेवायच्या, बाह्या वरून आणून गाठ मारायची.

अर्चना मागं सरकली. "आई, बाबांचा शर्ट हाय हा."

"मंग? त्याईले कुठं जाता आलं वं? घर ते कोराडी, कोराडी ते घर. फिरू दे आता."

तवापासून ती परत आली का गाठ सोडता सोडता सांगायची, "बाबा गोंदिया पाहून आले." "बाबाईले नांदेडची गर्मी सोसली नाही." मी बाह्या झटकायची, घडी करायची, पुढच्या खेपेस पुन्हा बांधायची. आमचं दोघींचं चालायचं ते.

तर ते सगळं त्या बॅगेत होतं. बॅग दिवाणावर ठेवली होती. मी नाही म्हणेपर्यंत मंगलानं चेन ओढली होती. "पाहू तर द्या, काही किमती असन." साड्या काढल्या. पट्टा काढला, हातात धरून बोटानं ताणून पाहिला, जसा बाजारात पाहते. मंग खालून ते गाठोडं निघालं. गाठ सोडली, रॅकेटी बाजूले टाकल्या, अन् शर्ट दोन्ही खांद्यांनी धरून वर केला.

"हे कोणाचं वं माय? माणसाचा शर्ट हाय."

जावईबापू खाकरले. बोरकरबाईनं गंज खाली ठेवला, नीट पाहता यावं म्हणून. जावईबापू म्हणे, "आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलावं... पण सतत बाहेर राहिलं का असं होते." दिलीप, बहिणीले जाळून आलेला माणूस, त्याचे कान लाल झाले, खाली पाहून राहिला. माहेरच्या माणसानं तिथं काय बोलावं?

मी बोलू शकत होती. मी मुद्दाम थांबली. मले वाटलं हे प्रमोदनं बोलावं. नवरा हाय तो तिचा. अन् बाप कोणाचा होता? शर्ट त्याच्या बापाचा. ह्याच शर्टाले धरून तो लहानपणी दारात लटकायचा. मी त्याच्याकडं पाहिलं. तो शर्टाकडं पाहत होता. अन् त्याच्या डोळ्यात मले दिसलं का हा बी विचार करून राहिला, कोणाचा हाय.

मंगलानं विचारलं, "दादा, तुहा हाय का?"

तो म्हणे, "नाही. मले माहीत नाही."

मले माहीत नाही! जिच्यासंगं वीस वर्षं राहिला तिच्याबद्दल, तिले जाळून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाच माणसांसमोर. मी उठली. मंगलाच्या हातातून शर्ट घेतला. आवाज चढवला नाही मी. म्हटलं, "हे पांढरं बटन पाहा. कोणी लावलं? हा तुह्या बापाचा हाय मंगला. मीच बांधला होता त्यात रॅकेटी. काहून बांधला? कारण कव्हर तुह्या लोणच्यानं सडलं."

मंगला रडाले लागली. मी तिले उगी राहा म्हटलं नाही. बोरकरबाईले म्हटलं, "बाई, चहा द्या सगळ्याईले. थंडा होऊन राहिला."

तुम्ही म्हणसान, झालं ना, समजलं ना सगळ्याईले. नाही झालं. शर्ट वर धरला ते गल्लीभर गेलं, बटनाची गोष्ट घरातच राहिली. तेरवीले आलेल्या एका बाईनं माह्या कानाशी येऊन विचारलं, "खरं हाय का वं?" मी तिले पेटीपाशी नेलं, शर्ट दाखवला. किती जणींले दाखवू? माही सून आयुष्यभर दुसऱ्याचे संत्रे-पापड ओढत फिरली अन् तिच्या नावावर काय राहिलं, तर माणसाचा शर्ट.

प्रमोद नंतर स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "आई, त्या वेळेस मले सुचलं नाही."

मी म्हटलं, "हाव बाबू. तुले 'पुन्हा?' शिवाय काही सुचलं कधी?"

मी त्याले जेवू घालते. बोलते. पोटचा हाय, काय करणार? पण माह्या मनातून ते 'माहीत नाही' जात नाही, अन् मी काढूनही टाकणार नाही. मागच्या आठवड्यात तो म्हणे, बॅग कोणाले देऊन टाकू का. मी विचारलं, "बूट कोणत्या बाजूनं ठेवते रे त्यात?" तो टीव्हीकडं वळला. मंग देऊन टाकायचं कोणाच्या मर्जीनं?

बॅग मीच पुन्हा भरली, तिच्यावाल्या रीतीनं. वजन चाकाकडं. रॅकेटी शर्टात, बाह्यांची गाठ. दाराच्या मागं उभी हाय. अकोल्याले पोचली तवा तिचा फोन आला होता, "आई, पोचली. झाडा आता." मी झाडलं होतं, चांगलं कोपऱ्याकोपऱ्यातून. आता सकाळी झाडताना त्या बॅगेपाशी माहा हात थांबते... मंग तिले बाजूले सरकवते, खालचं झाडते, पुन्हा जागेवर ठेवते.

वाचणाऱ्याईले माही एकच विनंती हाय. तुमच्या घरात कोणी बाई बॅग भरत असन तर तिच्याजवळ जाऊन बसा. काय कुठं ठेवते, कशात गुंडाळते, पाहून ठेवा. उद्या कोणी त्यातली वस्तू चारचौघांत वर धरली, तर 'हे आमचं हाय' असं तुम्हाले म्हणता आलं पाहिजे.