ज्या पाण्यानं अडवलं

देव आपलं ऐकतो की नाही, याबद्दल मला त्या वर्षापर्यंत शंका होती. मग त्यानं ऐकलं, आणि पुढे कितीतरी दिवस मला वाटत राहिलं, ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मूल तालुक्यातलं आमचं गाव धानाचं. त्या साली पाऊस असा दडून बसला की पऱ्ह्यांची कोवळी रोपं पिवळी पडली आणि रोवणी थांबली. गावानं रिवाजाप्रमाणे महादेव बुडवायचं ठरवलं. म्हणजे गाभाऱ्यातलं पाणी जायची वाट मातीनं बुजवायची आणि पिंड दिसेनाशी होईपर्यंत विहिरीचं पाणी आत ओतायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाठवतो. बायकोचे दिवस भरत आले होते, ती घरीच थांबा म्हणत होती. पण असल्या कामात मी सगळ्यांच्या पुढे. डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी घडा, घेऊन धावताना नंदीपाशी घसरलो आणि ते सगळं पाणी नंदीलाच मिळालं. लोक हसले. मी पुन्हा गुंड भरून आणला. पिंड बुडाली तेव्हा मी देवाला तंबीच दिली, आता तरी पाठव.

त्यानं पाठवला. पाऊस माझ्या खिशातून पडतो आहे अशा थाटात मी गावभर फिरलो. तो थांबेना, आणि त्याच झडीत बायकोला कळा सुरू झाल्या. गावच्या सुईणीनं पाहिलं आणि तालुक्याला, मूलच्या दवाखान्यात न्या म्हणाली. ताडपत्री बांधलेल्या बैलबंडीत तिला घातलं, सोबत माझी आई. वाटेतल्या नाल्याच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या फरशीपुलावरून, पाणी वाहत होतं. बैल पाय टाकेनात. अलीकडच्या काठाला जंगलातल्या लोकांचा टोला, चार घरांची वस्ती, होता. तिथल्या एका घरातली बाई पावसात बाहेर आली आणि काही न विचारता माझ्या बायकोला आधार देऊन आत घेऊन गेली.

आत चुलीपाशी मूलची एक नर्सबाई बसली होती. मुस्लिम घरातली, माझ्याच वयाची. टोल्यावरच्या लेकरांना लस द्यायला आली आणि नाला चढल्यानं अडकून पडली.

"मी तर परवाच घरी जाणार होती, भाऊ," पदर खोचत ती म्हणाली. "पाणी उतरूनच नाई राह्यलं. अल्लानं मले इथी काऊन बसवून ठेवलं, ते आता समजलं."

बायकोचा रक्तस्राव थांबत नव्हता. नर्सबाईनं जवळच्या पेटीतल्या औषधांवर आणि आपल्या दोन हातांवर तिला धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं ती कापडात गुंडाळलेली मुलगी घेऊन दारात आली. बाईचा जीव वाचला म्हणाली. मग हळूच, "लेकीचा भरवसा नाई, भाऊ. तुमी तिले हातात घ्या."

मी घेतलं नाही. मी नाल्यावर गेलो आणि देवाला तोंडाला येईल ते बोललो. माझ्या मनात एकच होतं, हे पाणी मी मागितलं, हा पूर मीच आणला. आवाज बसला तेव्हा परत आलो. माझ्या आईनं मुलीचा चेहरा झाकला होता. टोल्यामागं मोहाच्या झाडाखाली तिला मातीत ठेवलं.

त्या वर्षी धान भरभरून झालं. मी देवळाची पायरी चढणं सोडलं होतं. नवा तांदूळ शिजला त्या दिवशी बायकोनं आधी देवाचं पान वाढलं. त्याला कशाला, असं मी म्हटलं, आणि पूर माझ्यामुळे आला हेही एकदाचं बोलून गेलो. तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"तुमच्या चार गुंड पाण्यानं साऱ्या जिल्ह्यात पूर आला? एवढे मोठे कधी झाले तुमी?" मग आवाज उतरला. "मी इथी जिवंत बसून राह्यली ना. ते पण त्याच पाण्यानं."

तेव्हा कुठं मला कळलं. पाप केलं म्हणून रडतानासुद्धा मी देवाच्याच जागेवर जाऊन बसलो होतो. मग विचारलं, लेक कशी होती दिसायला?

"नाक तुमचं होतं," ती म्हणाली. "रागावल्यावानी फुगवून होती."

पुढे दोन लेकरं झाली. दोघांचीही नाकं त्यांच्या आईसारखी.

आता मी देवळात जातो. मागायची सवय काही सुटलेली नाही. गुडघ्यापासून जावयाच्या नोकरीपर्यंत सगळं त्याच्या कानावर घालतो. शेवटी मात्र म्हणतो, तुला दिसेल ते दे, आणि देशील तेव्हा मला पाठ फिरवू देऊ नको. ते पाणी कशासाठी आलं होतं, मला अजून कळलेलं नाही. नर्सबाईला त्यानं थांबवून ठेवलं, एवढं कळतं, आणि तेवढ्यासाठी रोज हात जोडतो. लेकीलाही त्यानं, थोड्या वेळासाठी का होईना, आमच्याकडेच पाठवलं होतं. तेवढा वेळ मी नाल्यावर उभा होतो.