ओंजळीत ओतलेलं पाणी

युद्धाच्या काळात मी जळगाव स्टेशनवर कारकून होतो. एका दुपारी पोलंडहून परागंदा झालेल्या बायका-मुलांची गाडी थांबली. आम्ही पितळी पेल्यांतून पाणी देत होतो. डब्याच्या टोकाला एक बाई मुलीला घेऊन वेगळी बसली होती. मी पेला पुढे केला, तशी इंग्रजी जाणणारी एक पोलिश बाई म्हणाली, "ती आमची नाही, युक्रेनी आहे. तिच्या लोकांनी आमची गावं जाळली."

कोपऱ्यातली बाई आपल्या भाषेत काही बोलली.

"म्हणते, आधी आम्ही त्यांची देवळं पाडली," पोलिश बाईने तुटकपणे सांगितलं.

मी पुढे काही विचारलं नाही. पेला मागे घेतला, आणि गावी विहिरीवर अस्पृश्यांना पाणी द्यायचो तसं मायलेकींना ओंजळ धरायला लावून वरून पाणी ओतलं.

"भाऊ, पेला का बरं नही दिधा? त्या बी माणसंच शेतस ना," आमचा पाणक्या म्हणाला.

"तू तुझं काम कर," मी खेकसलो.

निम्मं पाणी सांडलं. मुलीने पुन्हा ओंजळ धरली, तोवर गाडी हलली.

त्यांच्या भांडणातलं मला काहीच कळत नव्हतं. पेला कुणाला द्यायचा नाही, हे मात्र लगेच कळलं.