जमदग्नी आणि डुकराचं नाक

जमदग्नी माणसाला आधी हुंगायचे, मग वाकून नमस्कार करायचे. मला नुसतंच हुंगलं. "इंदो, तुझ्या कपड्यांना करीचा वास येतो. डुक्कर मूर्ख नाही." इंदो म्हणजे जपानीत भारत; माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मीही त्यांचं घेत नाही. शिकाऱ्यांची टोळी त्यांना ओयाकाता, म्हणजे म्होरके म्हणायची, आणि आमच्या घरी ते जमदग्नी होते.

तोक्योच्या ओजिमा भागातल्या आम्ही चार भारतीय कुटुंबांनी शेजारच्या चिबा प्रांतात डोंगराखाली मेथी-वांग्यांसाठी शेत घेतलं होतं. रानडुकरांनी ते उकरून ठेवलं, म्हणून मी फास लावायचा परवाना काढला, टोळीत शिरले आणि या म्हाताऱ्याच्या तावडीत सापडले. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला पाण्यात पाहिलं.

टोळीतल्या इतरांकडे कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस होते, झाडांवर फोनवर फोटो पाठवणारे कॅमेरे होते. "फोटो मागवून डुकराचं लग्न जमवायचंय का?" ते खेकसायचे. त्यांची रीत म्हणजे फासाची तार झाडाच्या सालींबरोबर उकळायची, बिनवासाच्या साबणाने अंघोळ करायची आणि वारा बघून चढायचं. शनिवारी शिकार असली की शुक्रवारी आमच्याकडे फोडणी बंद. बिनफोडणीचं वरण गिळताना नवरा जमदग्नींच्या सात पिढ्या उद्धरायचा.

तरी गेल्या हिवाळ्यात डुकरं फासापर्यंत येऊन माघारी फिरायला लागली. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसायचं, नाक वर केलं की वळलीच. जमदग्नींनी सगळ्यांसमोर खापर माझ्यावर फोडलं. "उद्यापासून इंदो डोंगरावर नको."

म्हणजे शेतावर पाणी सोडायचं. माझं डोकंच फिरलं. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन त्यांना हुंगलं. कापूर आणि पुदिन्याचा झणझणीत वास आला.

"ओयाकाता, तुम्ही पाठीला दुखण्याची पट्टी लावलीये. डुक्कर त्या वासाने फिरतंय."

ते मला खाऊ की गिळू असे बघत राहिले. मग शर्टात हात घालून त्यांनी पट्टी ओरबाडून काढली, गुडघ्यांवरच्याही काढल्या, आणि तरातरा चढायला लागले. पहिल्या वळणावर दगडावर बसले ते उठताच येईना. मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

"तू जा. वारा पूर्वेचा आहे. पश्चिमेने चढ, मूर्ख बाई."

मी पश्चिमेने चढले, फास लावला. त्यानंतर ते कधीच वर आले नाहीत. हा माणूस मला कधी आवडला नव्हता. पण त्या दिवशी वर माझ्या मागे शिव्या घालणारं कोणी नव्हतं, आणि मला रडू आवरेना.