गुलमर्ग की औली

सयाजी फडतरे एकवीस वर्षं लष्करात होते आणि त्यातली सहा त्यांनी बर्फात काढली. गुलमर्गला त्यांनी स्कीइंगचा कोर्स केला, त्यात पहिले आले, आणि मग नव्या जवानांना उतारावर उभं राहायला तेच शिकवू लागले. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी बायकोला एक फोटो पाठवला होता. गुडघाभर बर्फ, पायांत लांब पट्ट्या आणि तोंडभर हसू. सुलाबाईंचं माहेर सांगलीजवळच्या कुपवाडचं, तिथं उन्हानं पत्रे तापतात. त्यांनी तो फोटो साऱ्या आळीला दाखवला आणि नवऱ्याला लिहून कळवलं की एकदा मलाही तिथं न्या. पुढच्या सुट्टीत नेतो, पुढच्या हिवाळ्यात जाऊ, असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका वर्षी सयाजी सुट्टीवर आले ते बर्फाचं नावच टाकून. सुलाबाईंनी विषय काढला की ते उठून अंगणात जायचे. पुढं सुलाबाईंनी तो काढणंच सोडलं.

निवृत्तीनंतर सयाजी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला राहिले. मुलगी क्रांती वाईला शाळेत शिक्षिका झाली. सगळं सुरळीत चाललेलं असताना सुलाबाई दाराच्या चौकटीवर धडकू लागल्या. ताटातली डावीकडची चटणी त्यांना दिसेना. भावानं आणि क्रांतीनं त्यांना सांगलीच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला, आणि तोही बराच पुढं गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी जितकी टिकेल तितकी टिकेल, दोन वर्षं धरून चाला, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

गाडीत बसल्यावर क्रांतीनं आईला विचारलं, काही बघायचं राहिलंय का? सुलाबाई लगेच म्हणाल्या, "बर्फ."

क्रांतीनं दोन ठिकाणं काढली, गुलमर्ग आणि औली. तिचा कल गुलमर्गकडं होता. श्रीनगरपर्यंत विमान, पुढं गाडी, आणि वर न्यायला तारेवरचा पाळणा. आईला चालायचं नाही, चढायचं नाही. शिवाय बाबांना तिथला दगड न् दगड माहीत. औलीला मात्र रेल्वे, मग दिवसभराचा घाटरस्ता, आणि जोशीमठाहून वर जाणारा पाळणा बंद पडलेला. दोन्ही बेत कागदांवर लिहून तिनं बाबांपुढं ठेवले.

सयाजींनी गुलमर्गचा कागद उलटा करून ठेवला. काश्मीरचं काही खरं नाही, म्हणाले. एकवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाच्या तोंडी हे ऐकून क्रांती चकित झाली. मग त्यांनी गर्दी सांगितली, विमानात हिला कान दुखतील म्हणून सांगितलं. औली म्हणजे देवभूमी, बद्रीनाथाच्या वाटेवर आहे, असंही म्हणाले. सुलाबाई एवढंच म्हणाल्या, "तुमचा फोटो जिथला हाय, तितं जाऊ या की." सयाजी उठून अंगणात गेले. तो हिवाळा असाच टाळण्यात गेला.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत सुलाबाईंची नजर नळीतून बघितल्यासारखी झाली होती. समोरचं माणूस दिसे, त्याचे हात दिसत नसत. आता थांबायला वेळ उरला नव्हता. क्रांतीनं पुन्हा विचारलं आणि सयाजी पुन्हा औलीच म्हणाले. तिनं तिकिटं काढली.

घाटात सुलाबाईंना तीनदा उलटी झाली. औलीला पोचले तेव्हा उतार तपकिरी होता. गवत वाळलेलं, झाडं कोरडी. दुकानांच्या बाहेर स्की उभ्या करून ठेवलेल्या आणि दुकानदार उन्हात बसलेले. यंदा पडलाच नाही, म्हणाले, थांबा, पडेल. तिघं चार दिवस थांबले. दूरच्या शिखरांवर बर्फ होता. क्रांती बोटानं दाखवायची, पण तेवढ्या लांबचं सुलाबाईंना आता दिसत नव्हतं. त्या हसून म्हणायच्या की दिसलं.

चौथ्या दिवशी जेवणाच्या खोलीतल्या टीव्हीवर बातमी लागली. गुलमर्गला रात्रीत तीन फूट बर्फ पडला होता, पोरं घसरत होती. क्रांती ताटावरून उठून गेली. सयाजींनी घास खाली ठेवला आणि पंचवीस वर्षांत जे बोलले नव्हते ते बायकोला सांगितलं.

जत तालुक्यातला धुळा म्हणून एक पोरगा त्यांच्या हाताखाली शिकत होता. मेंढरांमागं वाढलेला, धाडसी. पण त्या सकाळी तो म्हणाला होता, "फडतरे, आज पाय ऐकंनात. आज मला ऱ्हाऊ द्या." सयाजी हसले होते. सगळ्यांदेखत हसले, आणि त्याला घेऊन गेले. वरून बर्फाचा कडा सुटला. सयाजी पुढं होते, म्हणून वाचले. धुळाचा देह दोन दिवसांनी सापडला. चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही.

"तितं माझ्यानं उभं ऱ्हावणार न्हाई," सयाजी म्हणाले.

सुलाबाईंनी समोरचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "आधी सांगितलं आसतं, तर मी बर्फाचं नावच काढलं नसतं. ही दोन वर्षं क्रांतीचं तोंड बघत बसले आसते."

साताऱ्याला परतल्यावर त्यांनी नवऱ्याला एकच विचारलं, धुळाच्या घरी कधी गेलात का? ते गेले नव्हते. फाल्गुनात दोघं एसटीनं सांगलीला आणि तिथून जतला गेली. धुळाची आई धोंडुबाई चार वर्षांपूर्वी वारली होती. भाऊ बिराप्पा घरी होता. त्यानं घोंगडं अंथरलं, चहा केला. सयाजींनी सगळं सांगितलं, स्वतः हसल्याचंही. बिराप्पानं मान खाली घालून ऐकून घेतलं. रागावला नाही.

"आवं, आई वाट बगत हुती," तो म्हणाला. "पलटणीतलं कुणीतरी येईल, शेवटचं काय बोलला ते सांगंल म्हणायची. आता मला सांगून काय उपेग."

वैशाखात सुलाबाईंची नजर पूर्ण गेली. क्रांतीनं एकदा भीत भीत गुलमर्गचा विषय काढला. निदान हाताला तरी लागेल, म्हणाली. सयाजी या वेळी लगेच हो म्हणाले. कामावरून सुट्टीसुद्धा मागून आले. सुलाबाईंनी नको म्हणून सांगितलं. गार तर पाणीही असतं, म्हणाल्या.

सयाजींनी मंजूर झालेली सुट्टी रद्द केली नाही. ते आठ दिवस घरीच बसून राहिले. सुलाबाई भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जायच्या. सयाजींनी धरायला हात पुढं केला, की त्या पावलांच्या आवाजावरून ओळखून थोड्या बाजूनं जायच्या.